पान ११२

जुलैमधली दुपार होती. साताऱ्याचा पाऊस महाबळेश्वरासारखा अंगावर धावून येत नाही. तो पाहुण्यासारखा येतो आणि पाहुण्यासारखाच जायचं नाव घेत नाही. स्टाफरूमच्या खिडकीतून एरवी अजिंक्यतारा दिसतो, त्या दिवशी त्याच्या जागी नुसता करडा ढग होता. कोपऱ्यात ओल्या छत्र्या उघड्या टाकलेल्या, चहावर साय धरलेली आणि मी अंतर्गत गुणांच्या याद्या जुळवत बसलेले. दारात एक मुलगी येऊन उभी राहिली. कोरेगावकडची, पीएच.डी.ला नुकतीच नोंदणी झालेली. माझी विद्यार्थिनी नव्हे, पण माझा प्रबंध वाचून आली होती. छातीशी प्लास्टिकची पिशवी, आत झेरॉक्सचा गठ्ठा. स्वतः निथळत होती, कागद कोरडे होते.

"मॅडम, तुमच्या प्रबंधातला एक संदर्भ सापडत नाहीये."

"कुठला गं?"

"प्रकरण चार, तळटीप तेवीस. तुम्ही पृष्ठ ११२ दिलंय. तिथं ते वाक्य नाहीये."

मी तिला म्हटलं, "नीट बघितलंस का?" पंचवीस वर्षं शिकवणाऱ्या बाईच्या तोंडात हे वाक्य विड्यासारखं तयारच असतं. ती घाबरली नाही. म्हणाली, सगळं पुस्तक वाचलं, ते वाक्य ९६ वर आहे. मग छत्रीची मूठ दोनदा फिरवली आणि खाली बघत म्हणाली, "आणि मॅडम, वाक्य तिथं संपत पण नाही. पुढं 'असे सांगतात' असं आहे."

याद्या तशाच राहिल्या.

पुस्तकाचं नाव मी इथं देणार नाही. संदर्भ कसे द्यावेत यावर लिहायला बसायचं आणि मूळ ग्रंथाचंच नाव झाकून ठेवायचं, यातला विनोद मला कळतो आहे. पण नाव दिलं की त्याच्या मागोमाग आणखी एका अभ्यासकाचं नाव ओढलं जाईल. ते आता हयात नाहीत आणि त्यांच्याशी माझं भांडणही नाही. एवढं सांगते, की कृष्णाकाठच्या एका गावचा घाट कुणी बांधला याबद्दलचं ते वाक्य होतं. गावकऱ्यांनी वर्गणी काढून बांधला, असं ते म्हणत होतं. म्हणजे मी तसं म्हणवून घेतलं होतं. माझ्या चौथ्या प्रकरणाचा अर्धा डोलारा त्या घाटाच्या पायऱ्यांवर उभा होता.

घरी आल्यावर माळ्यावरून खोकी काढली. प्रबंधाच्या काळात मी संदर्भ कार्डांवर उतरवायची. पोस्टकार्डाएवढी पांढरी कार्डं, एका कार्डावर एकच अवतरण, वर डाव्या कोपऱ्यात लेखकाचं आडनाव, उजवीकडं पान. कार्डं चपलांच्या खोक्यात उभी लावलेली असायची आणि मधूनमधून जाड पुठ्ठ्याचे कान. खोक्यात आता झुरळांच्या गोळ्यांचा वास होता. घाटाचं कार्ड सापडायला पाच मिनिटंही लागली नाहीत, ही त्या पद्धतीची थोरवी. निळ्या शाईत अवतरण, खाली ग्रंथाचं नाव, १९०८, पृ. ११२. आणि अगदी तळाशी, पेन्सिलीत, माझ्याच अक्षरात दोन शब्द: मूळ पाहणे.

मूळ पाहिलं नव्हतं. अवतरण, साल, पान, सगळंच्या सगळं मी दुसऱ्या एका अभ्यासकाच्या पुस्तकाच्या तळटिपेतून उचललं होतं. तेव्हा त्यात काही खटकलं नव्हतं, कारण पेन्सिलीत लिहून ठेवलंच होतं की, पाहणे. पण राजपथावरच्या डीटीपीवाल्याकडं कार्डं टाइप व्हायला गेली तेव्हा पेन्सिल टाइप झाली नाही. निळी शाई तेवढी गेली.

अशा वेळी काय करायचं हे तेव्हाही ठाऊक होतं. मूळ ग्रंथाचं नाव द्यायचं, पुढं 'उद्धृत' लिहायचं आणि आपण ते जिथं वाचलं त्या पुस्तकाचं नाव नि पान द्यायचं. एका शब्दाचं काम. पहिल्या कच्च्या मसुद्यात मी ते केलंही होतं. माझ्या मार्गदर्शकांनी लाल पेनानं असे सात-आठ 'उद्धृत' गोल केले आणि म्हणाले, "हे एवढे उद्धृत बघून परीक्षक म्हणतील, बाई ग्रंथालयात गेल्याच नाहीत." खरंच होतं ते, त्या सात-आठ ठिकाणी मी गेले नव्हते. त्यांनी मूळ पाहा असं सांगितलं की उद्धृत काढा असं, हे आता आठवत नाही. मी त्यातला सोपा अर्थ घेतला. लग्न ठरलेलं, टाइपिंगचा हप्ता दिलेला, कोल्हापूरला विद्यापीठात प्रबंध द्यायची तारीख जवळ आलेली. सात-आठ शब्द खोडले आणि पानं एकदम विद्वान दिसायला लागली. या व्यवहारातली खरी गोम मला तिथंच वाटते. खरं सांगणारी तळटीप आळशी दिसते आणि खोटं सांगणारी भारदस्त. जो प्रामाणिकपणे 'मी हे दुसऱ्याकडून ऐकलं' म्हणतो त्याचे गुण जातात.

आणि मौखिक परीक्षेत काय विचारलं गेलं? बाहेरून आलेल्या परीक्षकांनी संदर्भसूची उघडली आणि प्रकाशकाच्या नावानंतर स्वल्पविराम का, अपूर्णविराम का नाही, यावर दहा मिनिटं घेतली. मग 'तत्रैव'कडं वळले. ते मात्र रास्त होतं. शेवटच्या आठवड्यात मी मध्येच एक नवी तळटीप घुसवली होती आणि तिच्याखालचे सगळे 'तत्रैव' मुकाट्यानं नव्या ग्रंथाकडं बोट दाखवायला लागले होते. 'तत्रैव' म्हणजे त्याच ठिकाणी. वरचं ठिकाण बदललं की बिचाऱ्याला पत्ताच राहत नाही. संदर्भ देण्याच्या शिकागो पद्धतीच्या २०१७ च्या आवृत्तीनं 'तत्रैव'च्या इंग्रजी भावंडाऐवजी आडनाव आणि छोटं शीर्षक पुन्हा लिहा असा सल्ला दिला, तेव्हा मी मनात टाळी वाजवली होती. पण घाटाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. "हे पुस्तक तुम्ही हातात घेतलं होतं का?" हा प्रश्न मला आजवर कुणी विचारलेला नाही. मीही कुणाला विचारलेला नाही. अंगावर उलटेल ही भीती असते.

आप्पांनी विचारला असता. माझे वडील मोती चौकाजवळच्या एका बोळातल्या छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवायचे. आता तिथं मोबाइलची कव्हरं मिळतात. शाळा सुटली की मी डबा परत आणायला जायची. आत रॉकेल, शाई आणि शिशाचा मिळून एक जड वास असायचा आणि ट्रेडल छपाईयंत्राची लय. समोर शेकडो खणांची लाकडी केस, आप्पांच्या डाव्या हातात ओळ जुळवायची स्टिक, उजवा हात न बघता खणांवरून फिरतोय. मराठीला नुसती अक्षरं पुरत नाहीत. मात्रा, रफार, जोडाक्षरं, प्रत्येकाचं वेगळं घर. सगळं उलटं वाचायचं. मी पाचवीत असताना उलटं वाचायला शिकले आणि वर्गात त्याचा फार भाव खाल्ला. कुणी घरी नवं पुस्तक आणलं की आप्पा मुखपृष्ठाकडं बघायचेही नाहीत. ते आतलं शीर्षकपान उघडायचे, त्याच्या पाठीमागं बघायचे. मुद्रक कोण, प्रकाशक कोण, आवृत्ती कितवी, प्रती किती. मुखपृष्ठाबद्दल म्हणायचे, "ते दुकानाची पाटी आहे, सातबारा मागच्या पानावर असतो." संदर्भलेखनाच्या सगळ्या पुस्तिका हेच सांगतात, की तपशील मुखपृष्ठावरून घेऊ नये, शीर्षकपान आणि त्याची मागची बाजू पाहावी. त्यांना सांगायला अर्धं पान लागतं.

एकदा मी त्यांना विचारलं होतं, एवढं जुळवलेलं मोडता कशाला? पुस्तक छापून झालं की खिळे परत ज्याच्या त्याच्या खणात जायचे, मला ते बघवायचं नाही. ते म्हणाले, शिसं काय आपल्या बापाचं आहे? पुढचं पुस्तक कशावर जुळवणार? मग पुस्तक पुन्हा काढायचं झालं तर? "पुन्हा पहिल्यापासून. आणि पुन्हा जुळवलं की पान हललंच समज." आधी क्राउन आकारात मोठ्या टायपात असलेलं पुस्तक मालक कागद वाचवायला जरा मोठ्या डेमी आकारात बारीक टायपात काढायचा. सोळा पानांचा एक फर्मा, असे दोन-तीन फर्मे वाचले की खूश. मजकूर तोच, पानं वेगळी. म्हणून पुनर्मुद्रण आणि नवी आवृत्ती यांत फरक करायचा असतो. पुनर्मुद्रणात सहसा पान जागेवर राहतं, नव्या आवृत्तीत त्याचा भरवसा नाही. मी एम.ए.च्या वर्गात हे फळ्यावर लिहून शिकवते. माझ्या तळटीप तेवीसमध्ये आवृत्तीचा उल्लेख नव्हता.

त्या मुलीच्या झेरॉक्समध्ये शीर्षकपान होतं आणि त्याच्या मागची बाजूही. तिनं आधी तीच झेरॉक्स काढली होती. हल्लीची पोरं मोबाइलवर मधल्याच दोन पानांचे फोटो काढतात आणि सहा महिन्यांनी विचारत फिरतात, मॅडम, हे कुठलं पुस्तक असेल? हिचं तसं नव्हतं. मागच्या पानावर स्पष्ट छापलं होतं: आवृत्ती दुसरी. म्हणजे माझं ११२ पहिल्या आवृत्तीतलं असू शकत होतं. हे लक्षात आलं तेव्हा मला जो आनंद झाला त्याची आता थोडी लाज वाटते. पान चुकलेलं नसेल! आणि पहिल्या आवृत्तीत कदाचित ते 'असे सांगतात'ही नसेल. दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी कुणीतरी बिचकून घातलं असेल. होतं असं.

रविवारी वाईची एसटी धरली.

वाईला जाण्याचं कारण साधं होतं, तिथल्या एका जुन्या ग्रंथसंग्रहालयात पहिली आवृत्ती असल्याचं फोनवर कळलं. आनेवाडीच्या टोलनाक्यावर बस रेंगाळली, पाचवडला हायवे सोडून डावीकडं वळली आणि काचेवर एकदम उसाची हिरवी ओल आली. शेजारच्या आजींनी विचारलं, वाईला कुणाकडं? मी म्हटलं, एका पुस्तकाकडं. त्यांनी मला नीट निरखलं आणि पिशवी मांडीवर ओढून घेतली. वाईला पुस्तकाकडं जाणं यात खरं तर नवल नाही. इतिहासकार वि. का. राजवाड्यांसारखा माणूस दप्तरं धुंडाळत ज्या मुलखात हिंडला तो हाच. त्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' मालेचा पहिला खंड १८९८ सालचा. 'इतिहास' नव्हे, 'साधने'. मी काय म्हणतो त्याच्याआधी ही मूळ पत्रं बघा, असं म्हणण्याची ती रीत मला लहानपणी कोरडी वाटायची. आणि विश्वकोश तर वाईचाच. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या देखरेखीखाली पहिला खंड १९७६ मध्ये आला. त्यात प्रत्येक नोंदीखाली ती लिहिणाऱ्याचं नाव असतं. विद्यार्थी संदर्भ देताना नुसतं 'मराठी विश्वकोश' लिहून मोकळे होतात, खंड नाही, नोंदीचं शीर्षक नाही, त्या माणसाचं नाव नाही. मी ते लाल पेनानं गोल करते. लाल पेन वारसाहक्कानं येतं बहुतेक.

नावांचा घोळ आपल्याकडं आधीच पुष्कळ. गडकऱ्यांचं नाटक राम गणेश गडकरी या नावाखाली, कविता गोविंदाग्रज या नावाखाली आणि विनोदी लेख बाळकराम या नावाखाली. सूचीत माणूस एक, घरं तीन. शीर्षकपानावर जे नाव असेल ते घ्या आणि खरं नाव चौकटी कंसात द्या, ही त्यातली वाट. माझंही तसंच. प्रबंध माहेरच्या नावावर, पुढचे लेख सासरच्या. कॉलेजच्या ग्रंथालयातल्या यादीत मी दोन वेगळ्या बाया आहे. पहिली दुसरीपेक्षा जरा हुशार असावी, असं मला त्या रविवारपर्यंत वाटत होतं.

ग्रंथपालांनी चष्मा वर सारून नाव लिहून घेतलं आणि पुस्तक आणून दिलं. पुठ्ठा सुटलेला, पाठीला खादीची पट्टी. कागद चहात बुडवलेल्या बिस्किटाच्या रंगाचा आणि तितकाच भरवशाचा. आप्पांच्या सवयीनं शीर्षकपानाच्या मागं गेले. माघ, शके १८३०. इथंच एक ठेच लागली. शकात ७८ मिळवले की इसवी सन, हे शेंबडं पोरही सांगतं, आणि तसं केलं की १९०८ येतं. पण शक बदलतो गुढीपाडव्याला आणि इसवी सन बदलतो मध्येच, पौषाच्या आसपास. माघ आला की ७९ मिळवायचे. म्हणजे पुस्तक १९०९ चं. माझ्या कार्डावर १९०८. ज्यांच्याकडून मी घेतलं त्यांच्याकडंही १९०८. दोन उत्तरपत्रिकांत सारखीच चूक सापडली की पर्यवेक्षकाला काय कळतं, ते मला त्या टेबलावर कळलं. बरोबर उत्तरं सारखी असली तर कुणाला काही सिद्ध करता येत नाही. चुलत्याचं नाक तसं चुकीचं साल असतं, ते घराणं सांगतं.

यावर कुणी मोजदादही केली आहे. सिमकिन आणि रॉयचौधुरी या दोघांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात भौतिकशास्त्रातल्या एका गाजलेल्या लेखाचे संदर्भ तपासले. सुमारे ४,३०० ठिकाणी तो उद्धृत झाला होता. त्यांतल्या १९६ ठिकाणी खंड, पान किंवा साल चुकलेलं होतं. पण वेगवेगळ्या चुका फक्त ४५ होत्या. पान-क्रमांकाची एकच चूक तर ७८ जणांनी केली होती. अठ्ठ्याहत्तर माणसांचं बोट एकाच चुकीच्या कळीवर पडत नाही, त्यांनी एकमेकांच्या याद्या उतरवल्या. त्यावरून दोघांनी अंदाज बांधला, की संदर्भ देणाऱ्यांपैकी मूळ लेख वाचलेले साधारण पाचात एक. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा स्टाफरूममध्ये मोठ्यानं वाचून दाखवलं होतं आणि सगळे हसलो होतो. माझा नंबर बाकीच्या चारांत आहे हे तेव्हा सुचलं नाही.

मग ११२ उघडलं. वाक्य होतं. अगदी शेवटच्या ओळीत, शब्द न शब्द माझ्या कार्डावरचा. पोटात एकदम हलकं वाटलं. पान बरोबर होतं, मी न बघता दिलेला पत्ता खरा निघाला होता. मी ती ओळ बोटानं पुन्हा वाचली, '...गांवकऱ्यांनीं वर्गणी करून बांधिला', आणि बोट थांबलं. पुढं पूर्णविराम नव्हता. 'बांधिला' आणि मग नुसता समास. वाटलं, खिळा पडला असेल, शाई उठली नसेल. आप्पा म्हणायचे, टिंबसुद्धा खिळाच असतो, त्यालाही उचलून ठेवावं लागतं, ते आपोआप येत नाही. पान उजेडात तिरकं धरलं. खिळ्याचा दाब कागदाच्या मागून हाताला लागतो, शाई नसली तरी. तिथं काही नव्हतं.

नजर समोरच्या पानावर नेली. ११३ च्या पहिल्या ओळीत, सर्वांत वर: 'असें सांगतात.'

कितीतरी वेळ तशीच बसले. पंखा जुन्या लाकडासारखा करकरत होता. बाहेर नदीकडून कुणीतरी पोरांना हाका मारत होतं, ढोल्या गणपतीच्या बाजूची घंटा अधूनमधून वाजत होती. आपली भाषा क्रियापद शेवटी ठेवते आणि कधीकधी त्याच्याही मागं शेपटासारखं 'असे सांगतात', 'असे म्हणतात', 'अशी वदंता आहे' लावते. सगळं वाक्य ठामपणे चालत येतं आणि शेवटच्या दोन शब्दांत हात वर करतं. ते दोन शब्द एका जुळाऱ्याच्या हिशोबानं पुढच्या पानावर गेले. ओळ भरली, पान भरलं, त्याचा काय दोष. मग कुणीतरी ११२ वरून वाक्य उतरवलं, समोरच्या पानाकडं पाहिलं नाही आणि शेवटी आपल्या पदरचं एक टिंब दिलं. ज्यांच्याकडून मी घेतलं ते की त्यांच्याही आधीचं कुणी, देव जाणे. ऐकीव गोष्टीचा पुरावा झाला तो त्या एका टिंबानं. मी तो नीटनेटका टाइप करून घेतला आणि माझ्यावरून आणखी तिघांनी घेतला, हे मला नंतर शोधल्यावर कळलं. तिघांच्याही लेखात पृ. ११२. तिघांच्याही लेखात १९०८.

यातलं काहीच आजच्या वाङ्मयचौर्य पकडणाऱ्या यंत्राला सापडलं नसतं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनी साम्य दहा टक्क्यांपर्यंत चालेल असं ठरवल्यापासून आमच्याकडं त्या टक्क्यांचाच घोष असतो. मुलं येतात, मॅडम, माझं सात आलं, माझं चौदा आलं, रक्तातली साखर सांगावी तशी. चौदाचं सात करायला वाक्यं फिरवतात. उसनं वाक्य त्या यंत्राला कळतं, उसनी तळटीप कळत नाही. माझ्या तळटिपेत नाव होतं, साल होतं, पान होतं, अवतरणचिन्हंही जागच्या जागी होती. तिच्याइतकी सभ्य तळटीप सबंध प्रबंधात नसेल.

परतताना पाचवडच्या फाट्यावर बस बराच वेळ थांबली. मला सांगलीची आठवण आली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा नगर वाचनालयातही शिरलं आणि हजारो पुस्तकं भिजली. माझी एक मैत्रीण सांगलीत शिकवते. पाणी ओसरल्यावर ती मदतीला गेली होती. फोनवर म्हणाली, पुस्तकं फुगून एकमेकांना चिकटली आहेत, ओढली तर लगदा हातात येतोय. मग जरा थांबून म्हणाली, "माझ्या प्रबंधात यातल्या कितीतरी पुस्तकांचे संदर्भ आहेत. आता ते कुणी तपासायला आलं तर मी काय दाखवू?" तेव्हा मी काहीतरी धीराचं बोलले असेन. तिनं ती पुस्तकं पाहिली होती. तिची तळटीप आता त्या पुस्तकांच्या वतीनं बोलते आणि ते खरं असतं. माझं पुस्तक वाईत सुखरूप होतं, साताऱ्यापासून तासाच्या वाटेवर, पंचवीस वर्षं. पावसात नाही, पुरात नाही. मी आले नव्हते एवढंच.

पुस्तकाच्या शीर्षकपानावर खाली गावाचं नाव होतं: सातारा. हल्ली नव्या पद्धतींत गाव विचारत नाहीत. संदर्भ देण्याच्या अमेरिकी पद्धतींपैकी एमएलएनं २०१६ च्या आवृत्तीत प्रकाशनस्थळ काढून टाकलं, एपीएनं २०१९ मध्ये. १९०० च्या आधीच्या पुस्तकांना एमएलए अजून गावाची मुभा देतं. हे पुस्तक नऊ वर्षांनी हुकलं. मोठे प्रकाशक चार देशांत असतात, त्यांचं गाव विचारून काय करायचं, हे मला पटतं. पण ज्या बोळात ते पुस्तक जुळवलं गेलं असेल तो बोळ माझ्या पायाखालचा असू शकतो. मी सूचीत गाव लिहितेच. कुणी खोडलं तर खोडो.

मुलीला फोन करून सांगितलं. पहिली आवृत्ती, पृ. ११२ ते ११३, साल १९०९, दुसरी, पृ. ९६. तू दुसरी पाहिली आहेस तर दुसरीच दे, माझ्या शब्दावर पहिली देऊ नकोस. ती म्हणाली, "मी पण वाईला जाऊन येते मग." मला हे लागलं आणि आवडलंही, कुठलं आधी ते सांगता येत नाही. प्रबंध दुरुस्त करायची सोय नाही. काळ्या रेक्झिनच्या बांधणीत, सोनेरी अक्षरांखाली, टीप तेवीस आहे तशी आहे. आप्पांच्या छापखान्यात पुस्तक बांधून झाल्यावर चूक सापडली की बोटभर रुंदीचं शुद्धिपत्र छापून पहिल्या पानाला खळीनं चिकटवायचे. 'पान अमुक, ओळ तमुक, अशुद्ध, शुद्ध.' मी तसं एक कागदावर लिहून पाहिलं. 'शुद्ध'च्या रकान्यात काय लिहायचं ते जमेना. घाट कुणी बांधला हे मला अजूनही माहीत नाही.

गेल्या आठवड्यात तिचा मसुदा आला. माझ्या उल्लेखाची तळटीप तिनं पिवळ्या रंगानं ठळक केली होती आणि बाजूला लिहिलं होतं, मॅडम, हे ठेवू ना? तुम्हाला चालणार नसेल तर काढते. तळटिपेत लिहिलं होतं, की या प्रबंधात मूळ वाक्याच्या शेवटचे 'असें सांगतात' हे शब्द वगळले आहेत व त्यामुळे विधान निश्चित स्वरूपाचे वाटते. मूळ ग्रंथ पाहिल्याचे दिसत नाही. शेवटचं वाक्य मी तीनदा वाचलं. बरोबर होतं. नाव तिनं माझं माहेरचंच दिलं होतं, शीर्षकपानावर आहे तसं. साल मात्र मला पदवी मिळाली तेव्हाचं घातलं होतं, २०००. शीर्षकपानावर प्रबंध सादर केल्याचं साल आहे. ते खोडून १९९९ केलं, पिवळा रंग काढला आणि मसुदा परत पाठवला.